एक वाटी, एक पान

हौसामावशीचं नाव आधी घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, तो तिच्यामुळे. ती माझी नात्यातली मावशी नाही. चाकणला आम्ही चार खोल्यांच्या एका ओळीत भाड्यानं राहायचो, त्यातली शेवटची खोली तिची. आईवडिलांनी मला खाऊपिऊ घातलं, शाळेत घातलं, गणवेश धुऊन दिला. पण पुस्तकासमोर बसावं कसं, हे मला तिनं शिकवलं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली.

मागच्या रविवारी सकाळी मी त्या खोल्यांसमोर जाऊन उभा राहिलो. खोल्या नव्हत्या. त्या जागी तीन मजली इमारत आहे, खोली-खोलीत चार-चार कामगार राहतात. कठड्यांवर ओले युनिफॉर्म वाळत घातलेले, निळे, राखाडी, खाकी. प्रत्येक रंग एका कंपनीचा. खाली मेस, मोबाइलचं दुकान आणि एक गॅरेज. मावशीचा ओटा जिथं होता, तिथं मोटरसायकली लावलेल्या. मागच्या रस्त्यावरून कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरमागे धुळीचा एक पडदा उठून हळूहळू खाली बसत होता.

मी मावशीला भेटायला आलो होतो. माझी मुलगी सानिका सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. तीन आठवडे झाले, ती माझ्यासमोर पुस्तक उघडत नाही. मी खोलीत आलो की ती वही मिटते आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसते. कुणीतरी वही ओढून घेणार आहे, अशी बसते. हे कुणामुळे झालं ते मला माहीत आहे. माझ्यामुळे. आणि ते कसं निस्तरायचं हे विचारायला मला एकच माणूस आठवलं.

धूळ बसली आणि मला रबराचा वास आला. खरा आला की आठवला, सांगता येत नाही. आमच्या ओळीला तो वास कायमचा होता. एका छोट्या कारखान्यातून टेम्पो यायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मावशीच्या दारात वॉशरचं पोतं टाकून जायचा. साच्यातून निघालेल्या रबरी वॉशरच्या कडेला रबराची पातळ झालर राहते. ती झालर बारक्या कात्रीनं गोल कापून काढायची, हे मावशीचं काम. वॉशर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पांढरी भुकटी लावलेली असे. ती भुकटी मावशीच्या पापण्यांवर बसायची आणि बोटं मात्र काळी ती काळीच. भाकरी थापतानासुद्धा तिच्या नखांच्या कडा काळ्या दिसत.

माझे वडील, अण्णा, एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसशॉपला होते. तिसऱ्या पाळीहून सकाळी यायचे, खिडकीला गोधडी लावायचे आणि दुपारभर झोपायचे. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आलो की अंधाऱ्या खोलीत अण्णांचं घोरणं आणि माझ्या हातात दप्तर. 'आवाज करू नको' हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल. पान उलटल्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत मोठा वाटे. आणि मला तर मोठ्यानं वाचल्याशिवाय काही कळायचं नाही. मनात वाचायला गेलो की दोन ओळींत मी ओढ्यावर नाहीतर बाजारात पोचलेला असे.

एकदा पाटी पडली. अण्णा उठले, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मी उंबऱ्यावर बसून रडत होतो. मावशी आपल्या ओट्यावरून म्हणाली, "ए मास्तर, हिकडं ये. हितं कुणी झोपलेलं न्हाई."

त्या दिवसापासून मी तिचा मास्तर झालो.

तिची रीत अशी होती. पोत्यातून एक वाटी भरून वॉशर ती पुढ्यात ओतायची. म्हणायची, "माझी एक वाटी, तुझं एक पान." मग ती कात्री चालवू लागे आणि मी वाचू लागायचो. ती माझ्या पुस्तकात बघत नसे. माझ्याकडेही बघत नसे. ओट्यावर दोघं शेजारी, तोंडं रस्त्याकडे. कच, कच, कच, आणि त्यावर माझं वाचन. मी वाचायचा थांबलो की कात्री थांबायची. एवढंच. ती बोलायची नाही, डोळे वटारायची नाही. काळ्या बोटांत वॉशर तसाच, कात्रीची पाती उघडी, आणि ती समोर बघत बसलेली. ती शांतता मला लगेच कळे. ओढ्यावर असलो तरी मी तिथून परत यायचो, बोट सापडेल त्या ओळीवर ठेवायचो आणि पुन्हा सुरू करायचो. कात्री पुन्हा सुरू व्हायची.

फारच वेळ लागला तर ती म्हणे, "मास्तर, कुठं गेला?"

"इथंच आहे की."

"न्हाई, तू हितं न्हाईस. बसलाय निस्ता हितं. ये माघारी, मी हाय."

तीन वाट्या झाल्या की, "जा, हापशाला हात लावून ये." मी पळत जायचो, हापशाच्या दांड्याला एक झोका द्यायचो, तोंडावर पाणी मारून परत. उन्हाळ्यात दांडा इतका तापायचा की हात लावून ओढूनच घ्यावा लागे. मावशी विचारायची, "काय म्हनतोय हापसा?" मी म्हणायचो, "झोपलाय. तिसरी पाळी होती त्याची." ती इतकी हसायची की पापण्यांवरची भुकटी खाली पडे. मग लगेच, "चल, वाटी."

चाकणचा कांद्याचा बाजार आमच्यापासून लांब नव्हता. चैत्रात वारा सुटला की कांद्याची गुलाबी टरफलं उडत यायची आणि ओट्यावर, वॉशरांत, माझ्या पुस्तकात येऊन पडायची. मी ती पानांत खुणेला ठेवायचो. श्रावणात भुकटीच्या गुठळ्या व्हायच्या, वॉशर एकमेकांना सोडायचे नाहीत, वाटी संपता संपत नसे, आणि माझी एका पानाची गोष्ट लांबत लांबत दुपार संपायची. थंडीत ऊन ओट्यावरून सरकायचं तसं मावशी पोतं सरकवायची, मी दप्तर सरकवायचो. दिवस मावळेपर्यंत आम्ही ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले असायचो. खंडेनवमीला ती कात्री धुऊन, तेल लावून पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि माझं पुस्तक मागून घेऊन कात्रीशेजारी ठेवायची. त्या दिवशी कात्रीला सुट्टी, पुस्तकाला सुट्टी. संध्याकाळी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट आणि तेलाचा डाग असायचा. तो डाग वर्षभर पान उलटताना बोटाला लागायचा.

तिचा मुलगा दत्ता माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. तेव्हाच शाळा सोडून तो गॅरेजात जायला लागला होता. त्याच्याबद्दल मला एवढंच आठवतं की तो घरी आला की ओट्यावर आमच्याजवळ टेकत नसे, सरळ आत जायचा. मी त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं.

मी दहावी झालो, डिप्लोमा केला, मग ताथवड्याच्या बाजूच्या कॉलेजातून इंजिनिअर झालो. प्रमाणपत्र मावशीला दाखवायला नेलं तेव्हा तिनं आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले, मग कागद फक्त कडांना धरला. "आमचा मास्तर सायेब झाला," म्हणाली. पुढे नोकरी, लग्न, ताथवड्याला फ्लॅट. दिवाळीला एकदा जायचो, पुढं दोन वर्षांतून एकदा, पुढं फोन. पुढं फोनही नाही.

मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे प्रत्येक लाइनवर एक बोर्ड असतो. दर तासाला किती माल काढायचा आणि किती निघाला, ते त्यावर लिहितात. टार्गेट पुरं झालं तर हिरवी खूण, नाही झालं तर लाल. खराब निघालेला माल वेगळ्या लाल क्रेटमध्ये टाकायचा, म्हणजे तो चांगल्यात मिसळत नाही. मी रोज आठ तास हेच बघतो, आणि ते उपयोगी आहे हे मला माहीत आहे.

सानिका एका जागी बसत नव्हती. शाळेतून सांगितलं, हुशार आहे, पण लक्ष टिकत नाही, घरी थोडं बसवा. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं काम. मी पांढरा बोर्ड आणला, तिच्या टेबलासमोर लावला. रकाने आखले. वाचन पंधरा मिनिटं, बेरजा दहा मिनिटं, शुद्धलेखन वीस मिनिटं. मोबाइलवर वेळ लावायचो. लाल-हिरवी चुंबकं आणली. ज्या पानावर तीनपेक्षा जास्त चुका, ते पान फाडून टेबलाखालच्या लाल क्रेटमध्ये. दुसऱ्या दिवशी परत करायचं. क्रेट मी कंपनीतल्या भंगारातून विचारून आणला होता, घासून स्वच्छ केला होता.

माझी बायको प्राजक्ता म्हणाली, "घर आहे की प्लांट? उद्या मला पण पोळ्यांचं टार्गेट देशील."

"तुझं रिजेक्शन शून्य आहे," मी म्हणालो. आम्ही हसलो. सानिकाही हसली. बोर्डाचा फोटो मी आमच्या कंपनीतल्या ग्रुपवर टाकला. तिथून आलं, "भावा, तू घरी पण सोडत नाहीस राव," आणि, "पोरीला अप्रेझल कधी?" मी पुन्हा हसलो. मला अभिमान वाटत होता, तो लपवत नाही.

दोन महिने बोर्ड हिरवा होत गेला. मग ती नखं कुरतडायला लागली. मग उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी सोलून निघाली आणि वहीवर बारीक तपकिरी ठिपके दिसू लागले. मी तिला म्हणालो, हात स्वच्छ ठेवायला शिक. हे वाक्य मी म्हणालो आहे, म्हणून लिहितो.

एका मंगळवारी मी पहिल्या पाळीहून चार वाजता घरी आलो. प्राजक्ता स्वयंपाकघरात होती. सानिका खोलीत दिसेना. बाल्कनीत बघितलं. तिनं क्रेट ओढत तिथं नेला होता आणि ती त्यात बसली होती. गुडघे पोटाशी, फाटलेली पानं अंगाखाली. क्रेट तिला जेमतेम पुरत होता.

"इथं काय करतेस?"

"माझी पाच पानं चुकली आज."

"मग?"

तिला माझा प्रश्न कळला नाही असं तिच्या तोंडावर दिसलं. उत्तर इतकं उघड होतं. ती म्हणाली, "बाबा, चांगल्यात मिसळायला नको ना?"

मी तिला उचललं. जाळीचे चौकोन तिच्या पोटरीवर उमटले होते. त्या संध्याकाळी मी बोर्ड काढला. भिंतीला चार भोकं राहिली. मला वाटलं, बोर्ड गेला की सगळं जाईल. दुसऱ्या दिवशी मी जवळ बसलो तर तिनं वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मोबाइल मी खिशात ठेवला होता, तरी तिची नजर खिशावर.

मग मी मावशीसारखा हातात काम घेऊन जमिनीवर बसू लागलो, पण आठवडा उलटला तरी ती दाराबाहेर आली नाही. म्हणून रविवारी चाकण.

गॅरेजातून हात पुसत एक माणूस बाहेर आला. कानाजवळचे केस पांढरे झालेले. "आरं मास्तर! तू? गाडी नवी दिसती राव." दत्ता होता.

"मावशी?"

"आय न्हाई हितं. दोन वर्सं झाली, मामाकडं ऱ्हाती जुन्नरला. हितं धूळ लई, तिला खोकला सुटना." त्यानं पोराला चहा सांगितला. "अन् कानानं पार गेलीया. फोन लावला तर निस्ती हालू हालू करती अन् ठिवून देती. तुला काय बोलायचं तर चिठ्ठी धाड. चष्मा लावून वाचती ती."

मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं कळत नाही. सांगायलाच तर आलो होतो, आणि समोर तो होता. क्रेटपाशी आलो तसा तो हसायचा थांबला.

"बसवलंस तिला क्रेटात?"

"मी नाही बसवलं. ती आपली आपण बसली."

"त्येच ते," दत्ता म्हणाला.

मग त्यानं डावा हात माझ्यापुढे धरला. बोटांच्या पेरांवर पांढऱ्या रेघा होत्या. गॅरेजच्या कामाच्या असतील असं मला वाटलं असतं. "हे कात्रीच्या मुठीचं. तिसरीत हुतो मी. पाढं म्हनाय लावायची. हातात काम, टेम्पो याची येळ झालेली, अन् मी चुकायचो. चुकलं की एक. मंग मी बसायचंच सोडलं. ती हाका मारायची, मी पळायचो. नंतर नंतर मारत न्हवती. हाका मारायची निस्ती. पर मी काय परत बसलो न्हाई."

त्यानं हात मागे घेतला.

"तवर तुमी आलात भाड्यानं ऱ्हायला," तो म्हणाला. "शिकली माझ्यावर, अन् कामाला आलं तुझ्या." त्यानं हे हसत म्हटलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, निदान मला तरी ऐकू आला नाही. "च्या पी, गार व्हतोय."

मी चहा प्यालो. रस्त्यावर पुन्हा कंटेनर गेला, पुन्हा धूळ. त्या धुळीत मला ओटा दिसत होता, पण नेहमीसारखा नाही. कात्री थांबायची ती मला परत बोलवायला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. उघडी पाती, काळी बोटं, समोर बघणारी मावशी. ती मला बोलवत नसेल. ती आपला हात धरून ठेवत असेल. मी ओढ्यावरून परत येईपर्यंतच्या त्या शांततेत, दत्ताच्या बोटांवर जे झालं ते माझ्या बोटांवर होऊ नये म्हणून, ती कात्री उघडी धरून बसत असेल. आणि मी ती शांतता आयुष्यभर मायेची म्हणून आठवत आलो. मायेचीही असेल. दत्ता ओट्यावर टेकत नसे, त्याचं कारण मला आता कळलं.

घरी येऊन चार दिवस मी लिहायला बसत होतो आणि उठत होतो. काल लिहिलं आणि आज सकाळी कामावर जाताना पेटीत टाकलं. त्यात असं आहे:

"तीर्थरूप हौसामावशीस साष्टांग नमस्कार.

अक्षर मोठं काढलं आहे, तुला त्रास होऊ नये म्हणून. तुझा खोकला कसा आहे? इतक्या वर्षांत तुला पत्र नाही, भेट नाही, आणि आता गरज पडल्यावर लिहितो आहे, हे मला कळतं. रागव, पण वाच.

दत्ताभाऊ भेटला. त्यानं मला चहा पाजला आणि बोटं दाखवली. मी तुला त्याबद्दल काही म्हणणार नाही. मला तो हक्क नाही, आणि माझे हातही आता तसे स्वच्छ नाहीत. मी माझ्या मुलीला मारलं नाही. मी तिला चांगल्या मालातून बाजूला काढलं, आणि तिला ते पटलं. मारण्यापेक्षा हे कमी आहे की जास्त, मला ठरवता येत नाही. तुला ठरवता येईल.

तू माझ्याजवळ बसायचीस तसा मी आता बसतो. कामावरून आलो की हॉलमध्ये जमिनीवर मटार सोलत नाहीतर लसूण निवडत. तिला हाक मारत नाही. वेळ लावत नाही. तिचं पुस्तक बाजूला ठेवलेलं असतं. ती तिच्या खोलीच्या दारातून बघते. तेरा दिवस झाले, ती बाहेर आलेली नाही. परवा तिनं दारातूनच विचारलं, बाबा, हे किती वाजेपर्यंत आहे? मी म्हणालो, वाजेपर्यंत काही नाही. तिला खरं वाटलं नाही. ती आत गेली. प्राजक्ता म्हणते, धीर धर. मी धरतो, पण मला भीती वाटते की एक दिवस मी कंटाळून उठेन, आणि त्या दिवशी ती दारात आलेली असेल.

मावशी, माझ्यासाठी तू जे केलंस ते मी कुणाला सांगून संपणार नाही. पण मला आत्ता माझी गोष्ट नको आहे, दत्ताभाऊची हवी आहे. मार थांबवल्यावर तू त्याला हाका मारत होतीस, तो येत नव्हता. किती दिवस हाका मारल्यास? आणि कुठल्या दिवशी सोडून दिलंस? आठवत असेल तेवढं लिही, चार ओळी पुरेत, मामांना सांगून पेटीत टाक. मला तो दिवस कळला पाहिजे. म्हणजे मला त्या दिवसाच्या पुढेही बसून राहता येईल."